लढाऊ यंत्राची काढती कडी

यंत्र चालूं कसें करावें हें शिकविणारे पुष्कळ भेटतात; तें खात्रीनें बंद कसें करावें हें शिकविणारे थोडे. आमच्या कार्यशाळेंत शाळा सुटल्यावर कांहीं विद्यार्थी लहान लढाऊ रोबो तयार करीत असतात. चाकें, मोटारी, फिरतें पातें यांविषयीं ते तासन् तास बोलतात. परंतु करंगळीएवढ्या ज्या एका वस्तूवर सर्वांच्या हातापायांची सुरक्षितता अवलंबून असते, तिच्याविषयीं फारसें कोणी विचारीत नाहीं. ती वस्तु कशी निवडावी हें सांगण्याकरितां हा लेख लिहिला आहे. तिच्या निवडींत आमच्याच हातून एक चूक झाली व ती एका मुलाच्या अंगठ्यास भोंवली. तो प्रसंगही आम्ही पुढें सांगणार आहों, कारण चुकीपासून जें शिकावयाचें तें चूक झांकून ठेवल्यानें शिकतां येत नाहीं.

प्रथम पालकांकरितां दोन शब्द. लढाऊ रोबो म्हणजे दुरून रेडिओच्या साहाय्यानें चालविलेलें, शस्त्र धारण केलेलें यंत्र. अशीं दोन यंत्रें भक्कम पारदर्शक भिंतींच्या आखाड्यांत सोडतात व तीं एकमेकांस उलथविण्याचा किंवा मोडण्याचा प्रयत्न करितात. माणसें बाहेर उभीं असतात. 1994 सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें मार्क थॉर्प यांनीं ‘रोबो वॉर्स’ या नांवानें असे सामने भरविले. 1998 सालापासून बीबीसीनें त्याच नांवाचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखविला, आणि हा छंद देशोदेशीं पसरला. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी. मधील टेकफेस्ट या महोत्सवांतही अशा झुंजी झाल्या आहेत. पहिलवानांप्रमाणें या यंत्रांचेही वजनावरून वर्ग असतात. ब्रिटनमध्यें 150 ग्रॅमच्या यंत्रास मुंगीचें व 1.5 किलोग्रॅमच्या यंत्रास भुंग्याचें नांव दिलेलें आहे. आमचे विद्यार्थी करितात तीं यंत्रें या भुंगावर्गांतील होत. नांव भुंग्याचें असलें तरी त्याचें पोलादी पातें मिनिटास हजारों फेरे घेतें. तें बोटास लागलें तर काय होईल हें सांगावयास नको.

1. कडी म्हणजे काय

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली तार मोटारींच्या नियंत्रकांकडे जाते. ही तार मध्येंच तोडावी आणि तुटलेलीं दोन्ही टोकें एका कनेक्टराच्या दोन खोबणींस जोडावीं. मग त्या कनेक्टराचा जोडीदार, म्हणजे दोन पिनांचा भाग, घेऊन त्याच्या दोन्ही पिना मागील बाजूनें एका आंखूड व जाड तारेनें एकमेकींस जोडून टाकाव्या. हा भाग खोबणींत बसविला कीं तुटलेली वाट सांधली जाते व यंत्रांत वीज खेळूं लागते; उपटून काढला कीं वाट तुटते. इंग्रजींत यास ‘रिमूव्हेबल लिंक’ म्हणतात. साखळीच्या दुव्यास आपण कडी म्हणतों आणि दारास लावितों तीही कडीच. या वस्तूंत दोन्ही अर्थ असल्यामुळें आम्ही तिला ‘काढती कडी’ असें म्हणतों.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. कडी ही एकाच तारेंतील खंड सांधते. धन व ऋण या दोन तारांच्या मध्यें ती कधींही येतां कामा नये. आली तर तें शॉर्ट सर्किट होय. यंत्रांत दोन बॅटऱ्या असतील तर दोहोंचाही प्रवाह कडींतूनच गेला पाहिजे, नाहीं तर दोन कड्या बसवाव्या. अर्धें यंत्र बंद करणारी कडी ही कडी नसल्यापेक्षांही वाईट, कारण ती माणसास निर्धास्त करिते.

2. नुसतें बटण कां पुरत नाहीं

“हातांतील ट्रान्समीटर बंद केला म्हणजे मोटारी थांबतातच ना?” असें मुलें विचारतात. नीट जुळविलेल्या यंत्रांत त्या थांबतात हें खरें. परंतु बॅटरीची वीज त्या वेळींही नियंत्रकाच्या दारापर्यंत आलेलीच असते, आणि तें दार उघडण्यास एखादा बिघाड पुरेसा होतो. नियंत्रकांतील ट्रान्झिस्टर जळतात तेव्हां पुष्कळदां ते वाट खुली ठेवूनच जळतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक बटणावर माणसाच्या बोटांचा भरंवसा ठेवतां येत नाहीं.

खेळण्यांत असतें तसलें लहान सरकतें बटण घ्यावें, तर तें थोड्याशा प्रवाहाकरितां केलेलें असतें. झुंजींतील प्रवाहानें त्याचे आंतील पत्रे तापून चिकटतात, आणि दणका बसला कीं क्षणभर विलगही होतात. पहिल्या प्रकारांत यंत्र बंद होत नाहीं, दुसऱ्या प्रकारांत ऐन झुंजींत बंद पडतें. शिवाय बटणास कोणाचाही धक्का लागूं शकतो.

कडीचे गुण दोन. ती काढली असतां वाट तुटली आहे हें डोळ्यांस दिसतें. आणि ती वाट पुन्हां सांधणारी वस्तु यंत्रापाशीं न राहतां यंत्र हाताळणाराच्या मुठींत राहते. याच कारणास्तव ब्रिटनमधील स्पर्धांच्या नियमांनीं कडीस मोठें महत्त्व दिलें आहे. ती दिसेल अशा जागीं, शस्त्रापासून व चाकांपासून दूर बसवावी, आणि तिच्यावर झांकण असल्यास तें कोणत्याही अवजाराविना उघडावें, असें ते सांगतात. मुंगीवर्गाच्या यंत्रांत मात्र जागा फारच थोडी असते. तेथें स्क्रू आवळला असतां जोडणारें व सैल केला असतां तोडणारें लहानसें बटण पुष्कळ लोक वापरतात.

3. आमची चूक

आतां तो प्रसंग. गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांचें पहिलें भुंगावर्गाचें यंत्र तयार होत आलें होतें. बॅटरी तीन कोठ्यांची, लिथियम-पॉलिमर जातीची होती. तिला ‘एक्सटी-30’ नांवाचा पिवळा कनेक्टर होता. कडीकरितांही आम्हीं तोच कनेक्टर निवडला. एकाच जातीचें सामान ठेवलें म्हणजे टापटीप राहते, असें आम्हीं मुलांस मोठ्या अभिमानानें सांगितलेंही होतें.

एके दिवशीं सायंकाळीं नववींतील एक विद्यार्थी टेबलापाशीं उभा होता. पुढें यंत्र होतें, बाजूस नुकतीच भरून आणलेली बॅटरी होती व त्याच्या हातांत कडी होती. बॅटरीची तार यंत्रावर आडवी पडली होती. कडीच्या खोबणीचें तोंड आणि बॅटरीचें तोंड अगदीं सारखें, दोन्ही पिवळीं. मुलानें कडी दाबून बसविली ती बॅटरीच्या तोंडांत.

कडी म्हणजे दोन पिनांस जोडणारी तार, आणि बॅटरीच्या तोंडांत एक खोबण धन व दुसरी ऋण. पुढें काय झालें तें सांगण्यास वेळ लागतो, होण्यास लागला नाहीं. ठिणगी उडाली, तारेवरून धूर निघाला. मुलानें कडी हिसडून काढली, परंतु तेवढ्यांत त्याचा अंगठा व तर्जनी भाजली. आम्हीं चिमट्यानें बॅटरी उचलून व्हरांड्यांतील रेतीच्या बादलींत टाकिली. ती थोडी फुगली, सुदैवानें पेटली नाहीं. मुलाचा हात थंड पाण्याखालीं धरून मग त्यास डॉक्टरांकडे नेलें. जखम पंधरा दिवसांत भरून आली, तरी आमच्या मनांतील टोचणी तशीच राहिली.

हिशेब करूनच पाहा. पूर्ण भरलेल्या एका कोठीचा दाब 4.2 व्होल्ट; तीन कोठ्यांचा 12.6 व्होल्ट. बॅटरीचा अंतर्गत रोध, तार व कनेक्टर मिळून सर्व रोध 0.05 ओहम धरिला, तर ओहमच्या नियमानें प्रवाह होतो 12.6 भागिले 0.05, म्हणजे सुमारें 250 अँपिअर. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार तीन हजार वॅटांहून अधिक भरतो. घरांतील तीन विजेच्या इस्त्र्यांची उष्णता एका मुठीएवढ्या जागेंत कोंडली, असें समजा.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलाचे वडील शाळेंत आले. ते वीज खात्यांत लाइनमन आहेत. ते रागावतील या भयानें आम्ही मनांतल्या मनांत उत्तरें जुळवीत होतों. परंतु त्यांनीं आवाज चढविला नाहीं. त्यांनीं कडी व बॅटरी पाहावयास मागितली, दोन्ही हातांत धरून निरखून पाहिलीं आणि विचारलें, “सर, या दोघांचें तोंड सारखें कां ठेवलेंत?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

मग ते म्हणाले, “आम्ही तारेवर काम करायचें तर अगोदर फ्यूज काढतों आणि खिशांत घालतों. सोबत्याच्या नव्हे, आपल्याच खिशांत. तुमची कडी म्हणजे तसलाच फ्यूज आहे. पोरगा चुकला, खरें. पण पोरगा चुकणारच, असें धरूनच वस्तु करायची असते.”

पदवी आमच्यापाशीं होती, परंतु त्या दिवशींचा धडा त्यांनीं दिला. त्या धड्यावरून आम्हीं निवडीचे जे नियम ठरविले ते पुढें देत आहों.

4. निवडीचे चार नियम

पहिला नियम आकाराचा. कार्यशाळेंतील कोणत्याही बॅटरीच्या तोंडांत कडी शिरतांच कामा नये. याकरितां कडीचा कनेक्टर बॅटरीच्या कनेक्टराहून निराळ्या मापाचा असावा. आमच्या बॅटऱ्यांस ‘एक्सटी-30’ आहे. त्याच्या पिना 2 मिलिमीटर जाडीच्या असतात. कडीस आतां आम्ही ‘एक्सटी-60’ वापरतों. त्याच्या पिना 3.5 मिलिमीटर जाडीच्या असल्यामुळें कितीही जोर केला तरी त्या लहान खोबणींत जात नाहींत. यानें वजन कांहीं ग्रॅम वाढतें, तें भुंगावर्गाच्या यंत्रास सोसतें. मात्र ‘एक्सटी-60’ ची एखादी बॅटरी कोणी कार्यशाळेंत आणिली, तर जुना धोका पुन्हां उभा राहतो. म्हणून तशी बॅटरी आंत घ्यावयाची नाहीं असें आम्हीं ठरविलें आहे. रंगीत कागद चिकटवून भागेल असें कित्येकांस वाटतें. परंतु घाईंत डोळा रंग चुकतो, बोटास मात्र न बसणारी वस्तु बसवितां येत नाहीं.

दुसरा नियम प्रवाहाचा. यंत्र जास्तींत जास्त किती प्रवाह ओढील हें अगोदर मांडून पाहावें. समजा, चाकांच्या दोन मोटारी अडल्या असतां प्रत्येकी 3 अँपिअर घेतात आणि पात्याची मोटर सुरू होतांना 18 अँपिअर घेते; एकूण 24 अँपिअर. हा भार क्षणभराचा असतो. झुंजीच्या दोन-तीन मिनिटांतील सरासरी बरीच कमी, समजा 10 अँपिअर, भरते. ‘एक्सटी-30’ करितां सतत 15 व क्षणभर 30 अँपिअर, आणि ‘एक्सटी-60’ करितां सतत 30 व क्षणभर 60 अँपिअर, अशी मर्यादा सांगितलेली असते. तेव्हां वरील यंत्रास दोन्ही पुरतात. कडीची तारही तशीच जाड हवी. आम्ही 16 गेजची, म्हणजे सुमारें 1.3 चौरस मिलिमीटर छेदाची, अनेक बारीक धाग्यांची व सिलिकॉनच्या आवरणाची तार घेतों. ती लवचीक असते व तिचें आवरण उष्णतेस चांगलें टिकतें.

तिसरा नियम उघड्या धातूचा. कडी काढल्यावर यंत्रावर जो भाग उरतो त्यांत बॅटरीची वीज असते. तो भाग खोबणींचा असावा, पिनांचा नसावा. उघड्या पिनांवर धातूचा कीस पडला तर यंत्र आपोआप चालूं होईल, आणि पिनेचा स्पर्श ऋण तारेशीं जोडलेल्या धातूच्या सांगाड्यास झाला तर शॉर्ट सर्किट होईल. कोणी म्हणेल कीं, यंत्रावर पिना व कडीस खोबणी अशी उलट रचना केली तर कडी बॅटरींत शिरणारच नाहीं, कारण बॅटरीसही खोबणीच असतात. युक्ति खरी आहे. परंतु तींत एक धोका टाळून दुसरा पत्करावा लागतो. निराळ्या मापाच्या कनेक्टरानें दोन्ही धोके टळतात.

चौथा नियम घट्टपणाचा. 20 अँपिअर प्रवाह जात असतां सांध्याचा रोध 0.001 ओहम असेल, तर तेथें 20 गुणिले 20 गुणिले 0.001, म्हणजे 0.4 वॅट उष्णता निघते. हाताला ती जाणवणारही नाहीं. तोच सांधा सैल किंवा काळवंडलेला असून रोध 0.02 ओहम झाला, तर उष्णता 8 वॅट होते. लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचें असतें, हें लक्षांत घेतां डाख कां सुटतो व प्लॅस्टिक कां मऊ पडतें तें कळेल. म्हणून जी कडी सहज, खुळखुळत बसते ती टाकून द्यावी. डाख देतांना कनेक्टराचा जोडीदार त्यांत घालून ठेवावा. त्यामुळें प्लॅस्टिक तापून मऊ झालें तरी पिना सरळ राहतात. मात्र त्या वेळीं बॅटरी जवळपासही असूं नये.

5. कडी कोठें बसवावी

कडी शस्त्राच्या विरुद्ध बाजूस असावी. ती काढण्याकरितां हात पात्यावरून न्यावा लागत असेल, तर बाकीची सर्व रचना निर्दोष असूनही व्यर्थ होय. यंत्र उताणें पडलें तरी ती हाताशीं यावी. ती कवचाच्या पातळीच्या किंचित् खालीं बसवावी, म्हणजे प्रतिपक्षाचें पातें तिच्यावर घासणार नाहीं. आणि तारेचा वेढा आंखूड ठेवावा, म्हणजे तो आंकड्यांत अडकणार नाहीं. दणक्यानें कडी उडून जाऊं नये म्हणून वर लहान झांकण करून त्याच्या आंतून फोमचा तुकडा चिकटवावा. तो कडीस दाबून धरितो. विमान उभें असतां त्याच्या सुरक्षा-पिनांस लाल फिती बांधलेल्या असतात, त्याचप्रमाणें कडीसही लाल फीत बांधावी. मात्र झुंजीपूर्वीं ती झांकणाखालीं नीट दडपावी. यंत्रांत वीज आहे हें दाखविणारा एक लहान दिवाही बाहेरून दिसेल असा ठेवावा.

6. वापरण्याचा क्रम

कडी कितीही चांगली असली तरी क्रम चुकल्यास तिचा उपयोग नाहीं. आमच्या कार्यशाळेंत पुढील क्रम भिंतीवर लाविला आहे.

यंत्र आखाड्यांत ठेवावें, शस्त्रास अडसर घातलेला असावा. प्रथम ट्रान्समीटर चालूं करावा. नंतर कडी बसवावी व दिवा लागला कीं नाहीं तें पाहावें. अडसर सर्वांत शेवटीं काढून बाहेर यावें आणि दार लावावें. परततांना पातें पूर्ण थांबल्यावांचून दार उघडूं नये. प्रथम अडसर घालावा, मग कडी काढावी, दिवा विझलेला पाहावा, आणि त्यानंतरच ट्रान्समीटर बंद करावा. टेबलावर यंत्र उघडावयाचें असेल तेव्हां कडी काढून, उघडणारानें ती स्वतःच्या खिशांत ठेवावी. फितीनें गळ्यांत अडकवूं नये, कारण फिरत्या भागांत फीत गुंतूं शकते.

हा क्रम घालून दिल्यापासून आम्हीं स्वतःस एक नियम लावून घेतला आहे. एखादा विद्यार्थी यंत्रांत हात घालतांना दिसला कीं आम्ही त्यास एवढेंच विचारतों, “कडी कोठें आहे?” तो खिशांत हात घालून कडी दाखवितो व कामास लागतो. ज्याचा अंगठा भाजला होता तो विद्यार्थी आतां दहावींत आहे. हा प्रश्न तो लहान मुलांस आमच्याही अगोदर विचारतो. एके दिवशीं आम्ही स्वतः एका यंत्राचें झांकण उघडीत असतां त्यानें आम्हांसही तोच प्रश्न केला, आणि कडी आमच्या खिशांत नव्हती. ती टेबलावर पडली होती. आम्हीं ती उचलून खिशांत घातली, मग झांकण उघडलें.

विचारार्थ प्रश्न

(1) 15 अँपिअर प्रवाह 0.004 ओहम रोधाच्या सांध्यांतून जात असतां किती वॅट उष्णता निघेल?

(2) एका यंत्रांत चाकांकरितां एक व शस्त्राकरितां दुसरी बॅटरी आहे. एकच कडी फक्त शस्त्राच्या तारेंत बसविल्यास कोणता धोका उरतो?

(3) तुमच्या घरीं अशी कोणती वस्तु आहे कीं जी काढून जवळ ठेवली असतां दुसऱ्या कोणास यंत्र चालूं करतां येत नाहीं? वडील माणसांस विचारून लिहा.